फिरत्या शाफ्टवर बेअरिंग बसविताना

आपल्या अंकांतून आम्ही आजवर पुष्कळ वाचले. चिकाच्या हलव्याची कृती वाचली, अलिबाग-पेणकडच्या घरांच्या आठवणी वाचल्या, मेंदीच्या रात्रीची वर्णने वाचली. बेअरिंगवर मात्र कोणी लिहिल्याचे स्मरत नाही. वास्तविक आपल्या समाजातले किती पुरुष यंत्राजवळ उभे राहून म्हातारे झाले! मुंबईत रेल्वेचे वर्कशॉप, गोदी, गिरण्या. इकडे आल्यावर दिमोना, बेरशेबा, लोद, अश्दोद येथले कारखाने. लग्नाच्या पंगतीत चार फिटर एकत्र बसले, की मटणाचे ताट पुढे येईपर्यंत त्यांचे एकच चाललेले असते, कुठला शाफ्ट कुठे खाल्ला गेला आणि कोणी कसा वाचवला. ते सारे ज्ञान पंगतीबरोबर उठून जाते.

प्रस्तुत लेखात ‘आम्ही’ म्हणजे दोघे समजावे. लिहिणारा हात परिचारिकेचा आहे आणि सांगणारे तोंड फिटरचे. शाळा मुंबईत, मराठीत झाली. १९७८ साली लग्नानंतर वर्षाच्या आत आम्ही इस्राएलला आलो. एकाने इकडे हिब्रूतून नर्सिंग शिकून इस्पितळात नोकरी धरली, दुसऱ्याने मुंबईच्या आय.टी.आय.चे सर्टिफिकेट दाखवून कारखान्यात. आता दोघेही निवृत्त. गेली तीन वर्षे आमच्या यजमानांच्या उजव्या हाताला कंप आहे. डॉक्टरांनी त्याला नाव दिले त्याच्या पुष्कळ आधी चहाच्या कपाने आम्हाला ते सांगितले होते. ॲलन की आता त्या हातात ठरत नाही. डोके मात्र लखलखीत आहे, आणि त्या डोक्यातली विद्या मुंबईच्या मराठीत आहे. म्हणून ती मराठीतच कागदावर उतरवीत आहो.

प्रथम बेअरिंग म्हणजे काय हे आमच्यासारख्या बायकांसाठी. शाफ्ट म्हणजे यंत्राचा फिरता दांडा. आपले पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवीत. त्या घाण्याची लाट उखळीत लाकडावर लाकूड घासत फिरे आणि कुरकुरे. शाफ्ट घासू नये, हलका फिरावा, यासाठी त्याला दोन्ही टोकांना गोळ्यांच्या कड्यांत टेकवतात. हिब्रूत तिला मेसाव म्हणतात. एक रिंग आत, एक बाहेर, मध्ये पोलादी गोळ्या. आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते, बाहेरची बिडाच्या हाउसिंगमध्ये स्थिर बसते. हाउसिंग बोल्टने सांगाड्यावर आवळलेले असते. असे हाउसिंगसकट तयार मिळणारे बेअरिंग म्हणजे पिलो ब्लॉक. पिठाची चक्की, कारखान्याचा पंखा, मालाचा पट्टा, इस्पितळाच्या धुलाईघरातले यंत्र, जिथे पाहावे तिथे तो दिसतो. दिसतो म्हणजे, आता आम्हाला दिसतो. पूर्वी दिसत नसे.

त्यावरचा आकडाही वाचण्यासारखा असतो. २०४, २०५, २०६ असे लिहिलेले असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणावे, शाफ्टची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. २०५ म्हणजे २५ मिलिमीटर, २०८ म्हणजे ४०. दुकानात हा हिशेब सांगितला की दुकानदार बाईकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये चेंडूसारख्या गोल पाठीने बसते, त्यामुळे शाफ्ट किंचित तिरका असला तरी ती आपणहून त्याच्या रेषेत येते. बेअरिंगने आपली रेष आपण शोधावी, हा विचार स्वीडनमधील स्वेन विंगक्विस्ट या कापडगिरणीतल्या इंजिनियराला सुचला. गोथेनबर्गची ती गिरणी चिकणमातीवर उभी होती. जमीन दबे, शाफ्ट वाकडे होत आणि बेअरिंगे फुटत. त्याने १९०७ साली दोन ओळींचे, स्वतः सरळ होणारे बेअरिंग काढले आणि त्यातूनच एस.के.एफ. ही कंपनी निघाली. पिलो ब्लॉकमध्ये तेच काम वेगळ्या रीतीने साधले आहे.

आता मुख्य मुद्दा. शाफ्टवर आतली रिंग सरकवता यावी म्हणून शाफ्ट तिच्या भोकापेक्षा अगदी किंचित बारीक ठेवलेला असतो. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला हा फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. मुंबईचे फिटर थाऊमध्ये बोलतात, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्या हिशेबाने एक थाऊसुद्धा नाही. परंतु रिंग हाताने सरकते याचा अर्थ ती आपणहूनही सरकू शकते. तिला शाफ्टशी कशाने तरी बांधावी लागते. बांधणी सुटली तर रिंग मागे राहते, शाफ्ट तिच्या आत घसरत फिरतो, लोखंड लोखंडाला खाते. पहिली खूण म्हणजे रिंगेच्या कडेला कोकोच्या पुडीसारखी तांबूस भुकटी. ती दिसली की फिटरने यंत्र थांबवावे. आमचे यजमान त्या भुकटीला ‘यंत्राचा ताप’ म्हणतात.

बांधण्याचा सर्वात साधा आणि सर्वात जास्त दिसणारा प्रकार ग्रब स्क्रूचा. आतली रिंग बाहेरच्या रिंगेपेक्षा रुंद ठेवतात; त्या वाढीव भागात दोन आट्यांची भोके असतात, बहुधा एकमेकांपासून १२० अंशांवर. त्यांतून बिनडोक्याचे दोन स्क्रू शाफ्टवर उतरतात. टोकाशी वाटीसारखी खोलगट धार असते, ती शाफ्टमध्ये रुतते. शाफ्ट उलटसुलट कसाही फिरो, हे स्क्रू दोन्हीकडे सारखेच धरतात, हा त्यांचा मोठा गुण. अवगुण असा, की ते एका बाजूने ढकलतात. शाफ्ट दुसऱ्या बाजूला टेकतो आणि मध्यापासून केसभर सरकतो. चक्कीला त्याचे काही वाटत नाही, वेगवान पंख्याला वाटते.

स्क्रू आवळण्याचीही रीत आहे. पहिला अर्धा आवळावा, दुसरा पूर्ण, मग परत पहिला पूर्ण. एकच एकदम पिळला तर दुसरा आवळताना पहिला सैल पडतो. ‘घट्ट म्हणजे किती घट्ट?’ हे आम्ही त्यांना हजारदा विचारले. २०५ नंबरच्या बेअरिंगला सहा मिलिमीटरचा स्क्रू असतो, तीन मिलिमीटरची ॲलन की. त्याला साधारण चार न्यूटन-मीटर, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला चार किलोचे वजन टांगावे इतका जोर. कारखानदाराने कागदावर वेगळा आकडा दिला असेल तर तो खरा. किल्लीला पाइप लावून जोर वाढवणारे लोक आम्ही पाहिले. रिंग पोलादाची असली तरी टणक असते, आणि टणक वस्तू वाकत नाही, तडकते.

ग्रब स्क्रूला डोके का नसते? ही गोष्ट आम्हाला आमच्या इस्पितळाने सांगितली. १९८०च्या दशकातला हिवाळा. आपत्कालीन विभागात एक तरुण कामगार आणला. स्वेटरची बाही फिरत्या शाफ्टवरच्या कॉलरच्या स्क्रूत अडकली होती. तो स्क्रू चौकोनी डोक्याचा, शाफ्टच्या वर अर्धा बोट आलेला. लोकर तुटत नाही. यंत्र थांबेपर्यंत कोपरापासून खाली जे झाले ते या पानांवर लिहिण्यासारखे नाही. दोन बोटे गेली, हात वाचला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तसा शाफ्ट त्या काळी पुष्कळ ठिकाणी होता. पाळी संपवून घरी आल्यावर हे सांगितले तेव्हा यजमानांनी आमच्याकडे त्या मुलाचे वय विचारले नाही, नावही नाही. ‘स्क्रूला डोकं होतं का?’ एवढेच विचारले. आम्हाला त्या वेळी राग आला. दुसऱ्या दिवशी ते आपल्या खात्यातल्या एकूण एक शाफ्टवरून टॉर्च घेऊन फिरले आणि डोके असलेला प्रत्येक स्क्रू काढून तिथे बिनडोक्याचा घातला. संध्याकाळी काढलेले स्क्रू एका डब्यात घालून घरी आणले आणि टेबलावर ओतले. मग आमचा राग गेला.

हा धोका जुना आहे. भारताच्या १९४८ सालच्या फॅक्टरी कायद्याच्या २६व्या कलमात फिरत्या शाफ्टवरचा प्रत्येक सेट स्क्रू, बोल्ट आणि चावी आत बुडवलेली किंवा झाकलेली असावी, असे सांगितले होते. आय.टी.आय.त ते कलम यजमानांकडून पाठ करून घेतले होते. आणि ज्या किल्लीला सारे जग ॲलन की म्हणते तिच्या नावामागेही हेच आहे. अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या ॲलन कंपनीने १९१०च्या सुमारास षटकोनी खळग्याचे, बिनडोक्याचे स्क्रू विकायला काढले, ते ‘सेफ्टी’ सेट स्क्रू म्हणून. बाही अडकू नये म्हणून डोके काढून टाकले आणि किल्ली आत जाण्यासाठी खळगा केला. आम्ही घरातल्या खुर्च्या जोडताना ती वाकडी किल्ली वापरतो तेव्हा कोणाच्या तरी हातांचे त्यात स्मरण आहे, हे कोण जाणतो?

तेव्हा ग्रब स्क्रू बसवल्यावर त्यावरून बोट फिरवून पाहावे. बोटाला काही लागता कामा नये. लांबीला जास्त असलेला स्क्रू आतून धरतो आणि बाहेरून मारतो.

दुसरी एक युक्ती पाहिलेली बरी. स्क्रू जिथे टेकणार तिथे शाफ्टला कानशीने छोटीशी सपाटी करून ठेवावी. स्क्रू रुतला की शाफ्टवर धातूचा उंचवटा उठतो. पुढे बेअरिंग काढायची वेळ आली की तो उंचवटा रिंगेत अडकतो आणि बिचारा फिटर हातोडा घेतो. सपाटी असली की उंचवटा तिच्या आतच राहतो.

दुसरा प्रकार विषमकेंद्री कॉलरचा. आतल्या रिंगेच्या टोकाला जरा एका बाजूला सरकलेला गोल कंगोरा, आणि वेगळ्या कॉलरच्या आत तसाच सरकलेला खळगा. दोन्ही एकमेकांत बसवून कॉलर फिरवली की तो तिरकेपणा एकमेकावर चढतो आणि शाफ्ट पकडला जातो. पाचर ठोकल्यासारखे. कॉलर शाफ्ट ज्या दिशेने फिरणार त्याच दिशेने हाताने फिरवावी, मग तिच्या भोकात पंच धरून हातोडीने एक-दोन टोले द्यावे, शेवटी तिचा स्क्रू आवळावा. ही पकड चांगली असते आणि शाफ्टला फारसा वण पडत नाही.

पण ती एका दिशेची आहे. शाफ्ट उलटा फिरला की पाचर सुटू लागते. दक्षिणेकडच्या एका कारखान्यात मालाचा पट्टा होता, दिवसातून चार वेळा तो उलटा चालवावा लागे. एके दिवशी तिथले बेअरिंग गेले. भांडारात ग्रब स्क्रूचे नव्हते, कॉलरचे होते. भोक तेच, हाउसिंग तेच. वरिष्ठांनी तेच बसवायला सांगितले. यजमानांनी नको म्हटले, तर उत्तर मिळाले की स्क्रू जरा जास्त आवळा. आठवडाभरात उलट्या फेरीला कॉलर सुटली, शाफ्ट बाजूला चालत गेला आणि रोलर पट्ट्यासकट खाली आला. त्या वेळी जेवणाची सुट्टी होती, खाली कोणी नव्हते. एवढ्यावर तो विषय तिथे मिटला. आमच्या घरी मिटला नाही. आजही कोणी ‘तेच आहे, चालेल’ म्हटले की यजमान विचारतात, ‘कुठल्या दिशेला फिरतं?’

तिसरा प्रकार आम्हाला फार आवडतो, पण त्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच. रिंगेच्या टोकाला उभ्या चिरा देऊन तिची बोटे केलेली असतात. त्या बोटांभोवती एक फाटलेली कॉलर, तिला एकच स्क्रू. तो आवळला की कॉलर मिटते आणि बोटे शाफ्टला सगळीकडून सारखी कवळतात. ढकलणे नाही, वण नाही, शाफ्ट मध्यावरच राहतो. इस्पितळाच्या गच्चीवरच्या हवा खेळवणाऱ्या मोठ्या पंख्यांना हे योग्य. थरथर कमी, आवाज कमी. खाली माणसे शुद्धीवर येत पडलेली असतात, त्यांच्यासाठी पंख्याचा आवाज ही किरकोळ गोष्ट नाही. किंमत जास्त, आणि शाफ्ट बारीक असेल तर मिठी सैल पडते.

अवजड कामाला मात्र स्लीव्ह. दगड फोडणारी यंत्रे, मोठे ब्लोअर, सदोमहून वर त्सेफाच्या रेल्वेपर्यंत पोटॅश वाहून नेणाऱ्या पट्ट्यासारखे लांबलचक पट्टे, तिथे बेअरिंगचे भोकच निमुळते असते, बारा मिलिमीटर पुढे गेले की व्यासात एक मिलिमीटरचा फरक. त्यात बाहेरून तसाच निमुळता आणि आतून सरळ असा चिरलेला नळीसारखा तुकडा बसतो, ती स्लीव्ह. टोकाला आटे आणि नट. नट आवळला की निमुळत्यात निमुळते शिरते, चीर मिटते आणि शाफ्ट सगळ्या बाजूंनी धरला जातो. बैलगाडीच्या कामात सुताराची पाचर, तीच ही, फक्त गोल केलेली. शाफ्ट अगदी नेमका घासलेला नसला तरीही स्लीव्ह त्याला सांभाळून घेते, म्हणून जुन्या यंत्रांवर तिचा उपयोग.

इथे मात्र आमचा परिचारिकेचा अनुभव कामाला येतो. हाड मोडलेल्या पायाला प्लास्टर घालतात ते सैल असेल तर हाड हलते, आणि घट्ट असेल तर रक्त थांबते. स्लीव्हचे नेमके हेच आहे. नट आवळत गेले की आतली रिंग फुगते, आणि गोळ्यांना किंवा रोलरना फिरायला जी किंचित मोकळीक ठेवलेली असते ती कमी होते. थोडी कमी व्हायलाच हवी. सगळी गेली तर बेअरिंग तापते आणि जळते. म्हणून मोठ्या रोलर बेअरिंगमध्ये आवळण्यापूर्वी फीलर गेजची पाती घालून मोकळीक मोजतात, थोडे आवळून परत मोजतात, पुन्हा आवळतात. किती कमी करायची हे तक्त्यात दिलेले असते. अंदाजाने आवळणारे फिटर आहेत. प्लास्टर घालून घरी निघून जाणारे डॉक्टरही आम्ही पाहिले आहेत. शेवटी नटाखालच्या वॉशरचा एक दात नटाच्या खाचेत वाकवून ठेवतात, म्हणजे नट परत फिरत नाही. तो दात वाकवायचे विसरले तर वरची सारी मोजणी फुकट.

प्लास्टरनंतर काही तासांनी बोटांची नखे दाबून पाहतात, तसे नवीन बसवलेले बेअरिंगही सोडून देऊ नये. पहिल्या दिवशी चालू असताना हाउसिंगला हात लावून पाहावा. साठ अंशांच्या आसपास हात फार वेळ ठेववत नाही. नवीन ग्रीस भरलेले बेअरिंग सुरुवातीला जरा तापते आणि मग उतरते. चढतच गेले तर थांबवावे. दिवसभर चालल्यावर यंत्र बंद करून स्क्रू परत तपासावे, कारण टोक रुतले की किंचित ढील येते. आवाज ऐकण्यासाठी यजमान लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक हाउसिंगला आणि मूठ कानाला लावीत. आम्ही त्यांना आमचा जुना स्टेथोस्कोप दिला. त्यात एक लोखंडी सळई बसवून त्यांनी तो पंधरा वर्षे वापरला. कारखान्यात त्यांना ‘डॉक्टर’ म्हणू लागले. इस्पितळात आम्हाला कोणी म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट, जी नवीन मुलांना शिकवत नाहीत. दोन टोकांना दोन बेअरिंगे असतात. त्यांतले एकच शाफ्टला सर्व बाजूंनी पक्के बांधायचे असते, दुसऱ्याला लांबीच्या दिशेने सरकायला जागा द्यावी लागते. लोखंड तापले की वाढते. एक मीटर पोलाद एक अंश तापले तर मिलिमीटरच्या सुमारे बारा हजारांश वाढते. ऐकायला काहीच नाही. पण आमच्या धुलाईघरातल्या चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरसारखा दोन मीटरचा शाफ्ट घ्या, साठ अंश तापवा. जवळजवळ दीड मिलिमीटर वाढला. दोन्ही टोके पक्की बांधली असतील तर ते दीड मिलिमीटर जाणार कुठे? दोन्ही बेअरिंगे एकमेकांना ढकलत बसतात आणि त्यांतले दुबळे आधी फुटते. संसारातही दोघांनी पाय रोवून चालत नाही, असे आमचे यजमान अशा वेळी म्हणतात आणि मग आम्ही ठरवतो पाय कोणी रोवायचा.

आता गेल्या वर्षीची हकीकत. यजमानांच्या बहिणीचा मुलगा अश्दोदला मसाले आणि तांदळाचे पीठ दळून देतो. आपल्या घरांतून भाकरी आणि घावन अजून होतात ते अशा दोन-चार चक्क्यांच्या जिवावर. त्याचा फोन आला, ‘मामा, पुलीकडचं बेअरिंग रोज सरकतंय. रोज आवळतो, रोज सैल होतं. पट्टा घासून गेला. विकून टाकतो आता.’ आम्ही बसने गेलो.

यजमानांनी आधी मुख्य स्विच बंद करवला, फ्यूज काढून घेतला आणि खिशात घातला. ही त्यांची कारखान्यातली सवय, फ्यूज दुसऱ्याच्या खिशात असताना यंत्राला हात नाही. पुलीची बाजू उघडली. तांबूस भुकटी होतीच. रिंग काढली तर खाली शाफ्टला खड्डा. मायक्रोमीटर आम्ही धरला, आकडा त्यांनी वाचला, आठ थाऊ गेले होते. आणि त्या खड्ड्यात भाच्याने सोड्याच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळलेला. सगळे जग हेच करते. पत्रा दबतो, फाटतो, रिंग एका अंगाला कलते आणि तिसऱ्या दिवशी परत सैल. भाचा म्हणाला, ‘मग स्लीव्हचं बेअरिंग घालू का मामा? स्लीव्ह सांभाळून घेते ना?’ मुलगा हुशार आहे. पण स्लीव्ह खडबडीत शाफ्टला सांभाळते, खड्ड्याला नाही. खड्ड्याच्या दोन्ही कडांवर टेकून मध्ये अधांतरी राहील. बांधणीचा दोष नव्हताच. शाफ्ट संपला होता.

साठ सेंटिमीटरचा घासून तयार केलेला २५ मिलिमीटरचा शाफ्ट आणला, चक्कीच्या किमतीपुढे तो काहीच नव्हता, आणि दोन नवीन २०५. मग काम सुरू झाले. यजमान स्टुलावर बसले, हात मांडीखाली दाबून, कारण मोकळा ठेवला की तो आपोआप पुढे येई. ते सांगत, भाचा उचले, आणि बारीक कामाला आमची बोटे. शाफ्ट रॉकेलने पुसला, बोट फिरवून खरखर पाहिली, बारीक पॉलिश पेपरने काढली. बेअरिंगे हाताने सरकवली. हातोडा लागलाच नाही. भाच्याने लगेच ॲलन की उचलली, तर ‘थांब, आधी पाया’ म्हणून ओरडले. सांगाड्याचे बोल्ट आधी आवळायचे, शाफ्ट हाताने फिरवून मोकळा आहे ना पाहायचे, आणि सर्वात शेवटी रिंग शाफ्टला बांधायची. उलट केले तर बेअरिंग तिरके अडकून जन्मभर आडवा जोर सोसत राहते.

मग ग्रब स्क्रू. आम्ही आयुष्यभर लहान मुलांच्या शिरा शोधल्या, तेव्हा तीन मिलिमीटरचा खळगा शोधणे काही अवघड नाही. पहिला अर्धा, दुसरा पूर्ण, परत पहिला. किल्ली थांबली ती जागा बोटाला कळली. सुई शिरेत गेल्यावर कळते तशी. यजमान म्हणाले, ‘आता अजून थोडंसं. बस!’ ते किल्लीकडे पाहत नव्हते, आमच्या मनगटाकडे पाहत होते. पुलीच्या बाजूचे बेअरिंग असे पक्के झाले. पलीकडच्या बेअरिंगपाशी शाफ्टला खोबण होती आणि त्यातला एक स्क्रू लांब टोकाचा. ते टोक खोबणीत नुसते उभे राहते, रिंग शाफ्टबरोबर फिरते पण लांबीला सरकू शकते. तो आवळायचा नाही, खोबणीच्या तळाला न टेकता आटे धरून राहील असा ठेवायचा. हे करताना आम्ही दोनदा विचारले आणि त्यांनी दोनदा सांगितले.

सगळे झाल्यावर शाफ्टवरून बोट फिरवले. काही लागले नाही. पट्ट्यावरची जाळी भाच्याने परत बसवली. ती कित्येक महिने भिंतीला टेकून होती. ती बसेपर्यंत फ्यूज खिशातून निघाला नाही.

चक्की चालू झाली तेव्हा यजमानांनी स्टेथोस्कोप कानाला लावला, सळई टेकवायला त्यांचा हात आम्ही धरला. हाताचा कंप आणि यंत्राची थरथर यांतला फरक त्यांना कसा कळतो ते देव जाणे. बराच वेळ ऐकून म्हणाले, ‘साफ.’ भाच्याने पाच किलो तांदूळ दळून बांधून दिले, पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने यंत्र थांबवून पुलीकडचे स्क्रू तपासले आणि फोन केला. एक जागचा हलला नव्हता, एक थोडासा फिरला. आता तो दर शुक्रवारी दुपारी, यंत्र बंद झाल्यावर, दोन्ही हाउसिंगना हात लावतो, कडेला भुकटी आहे का पाहतो आणि किल्ली एकदा टेकवून बघतो. महिन्यातून एकदा ग्रीस, तेही बेताने, कारण कोंबून भरलेले ग्रीससुद्धा बेअरिंगला तापवते. त्याने एक वही केली आहे. तारीख, ग्रीस, स्क्रू, सही. पहिल्या पानावरचे अक्षर आमचे आहे, मराठी. पुढे त्याने हिब्रूत चालवली आहे. लांब टोकाच्या स्क्रूला हिब्रूत काय म्हणतात ते त्याला आठवले नाही, तिथे त्याने चित्र काढले आहे.